पंचवीस फुटांवरचा अँटेना

ऑर्विल स्टॅलनेकरनं बत्तीस वर्षं वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातले रस्ते दुरुस्त केले आणि निवृत्त होताना दोन्ही गुडघे त्या रस्त्यांनाच देऊन आला. बायको आधीच गेलेली. मुलगी रोंडा दरीच्या दुसऱ्या टोकाला रुग्णवाहिकांच्या ठाण्यात गाडीवर होती. ती कामावर असली की ऑर्विल स्वयंपाकघरात बिनतारी संदेश पकडणाऱ्या स्कॅनरपाशी बसून रुग्णवाहिकांची बोलणी ऐकायचा. "पेशंट पोचवला, ठाण्यावर परत निघालो," एवढं तिच्या तोंडून ऐकलं की त्याचा जीव भांड्यात पडायचा.

पण घर पडलं खोलगटात. खिडकीतल्या अँटेनावर तिचे शब्द अर्धेमुर्धे यायचे. म्हणून त्यानं भिंतीला खांब बांधून अँटेना पंधरा फुटांवर नेला, तर छपराचा पत्रा आड येऊ लागला. शेजारचा डेलमास म्हणाला, चढवतोच आहेस तर पुरता चढव. दोघांनी नळीला नळी जोडत चाळीस फूट गाठले.

आणि ऑर्विलच्या घरात तीन जिल्ह्यांचं दुःख शिरलं. कुठे ट्रक उलटला, कुठे म्हातारी पायऱ्यांवरून पडली, कुठे कोळशाच्या खाणीत कुणाला धाप लागली. ज्यांची तोंडंही कधी पाहिली नव्हती, त्यांच्यासाठी तो दिवसभर कान टवकारून बसू लागला. त्यात रोंडाच्याच रेडिओलहरीवर दूरच्या जिल्ह्याचं एक ठाणं जोरात यायचं, आणि तिचा आवाज त्याखाली दबून जायचा. दोन आठवड्यांत ऑर्विलचा चेहरा ओढल्यासारखा दिसायला लागला.

एका दुपारी पाळी संपवून रोंडा आली, तर बाप शिडीवर चढून अँटेना फिरवत होता.

"बाबा, खाली उतर. तुला उचलायला मलाच यावं लागेल, आणि माझी ड्युटी आत्ताच संपलीय."

तो उतरला. तिनं बूटही न काढता शिडी धरली, आणि स्वतःच वर चढली. एकेक नळी काढायची, अँटेना वळवायचा, खाली येऊन स्कॅनर ऐकायचा. तीस फुटांवर दूरचं ठाणं अजून कुरकुरत होतं. पंचवीसवर ते गप्प झालं. अँटेना पत्र्याच्या वर राहिला, डोंगराआड दुसरे जिल्हे गेले, आणि फक्त त्यांच्याच दरीतली बोलणी स्वच्छ येऊ लागली.

"माझं ऐकून तुला कळतं तरी काय?" तिनं हात पुसत विचारलं. "आम्ही आकडे नि पत्ते बोलतो."

"दमलीस किती ते कळतं."

तिनं शिडी काढून भिंतीशी आडवी ठेवली.

जूनमध्ये नदीकाठच्या एका घरातून बोलावणं आलं. लहान मूल होतं. ऑर्विलनं सगळं ऐकलं. शेवटी रोंडानं इस्पितळात पोचल्याची वेळ सांगितली, अगदी सपाट आवाजात. पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती.

तासाभरानं तिची गाडी अंगणात लागली. पाळी संपवून स्वतःच्या घरी न जाता ती इथं आली होती. त्यानं बीन्सचं पातेलं गरम केलं, मक्याचा पाव कापला. तिनं दोन घास खाल्ले आणि कोचावर आडवी झाली.

स्कॅनरवर कुणीतरी कुणाला पत्ता विचारत होतं. ऑर्विलनं उठून तो बंद केला, आणि खुर्ची ओढून तिच्या पायांपाशी बसला.