आईचं इंग्रजी

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. सांगायला घेतलं की मी विषय बदलते. ते मला छान जमतं — शिक्षणच त्याचं घेतलंय ना. ऱ्हेटरिक अँड कॉम्पोझिशन. लोकांना पटेल असं कसं लिहावं, ते शिकायचं आणि मग शिकवायचं. मराठी मंडळातल्या काकू अजून विचारतात, "म्हणजे नक्की काय गं?"

माझी आई कराडला शाळेत इंग्रजी शिकवायची. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुन्हा राहून जाईल. भाजी घ्यायला गेली तरी बाजारात कुणीतरी बाप्या झालेला विद्यार्थी वाकून नमस्कार करायचा.

आणि मी अमेरिकेतल्या प्रवेशाच्या निबंधात लिहिलं, की माझ्या आईला लिहिता-वाचता येत नाही.

का? खरा निबंध आधी लिहिला होता. शिक्षिकेची मुलगी, पुस्तकांचं घर — मलाच तो वाचवेना. मग आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा अंगठा मी आईच्या हाताला लावला. इतकं सोपं होतं ते.

प्रवेश मिळाला, स्कॉलरशिपही. वाटलं, संपलं. पण स्टेट कॉलेज नावाच्या त्या विद्यापीठाच्या गावी पोचल्यावर पहिल्याच भेटीत माझ्या गाइड बाई म्हणाल्या, तुझा निबंध वाचून मी रडले. चांगल्या होत्या हो बाई — तीच तर पंचाईत. वर्गात विचारायच्या, तुझ्या आईला हे कसं वाटेल? मी सांगायचे. दर वेळी थोडं नवं. होता होता प्रबंधही त्यावरच ठरला — निरक्षर आयांच्या मुली. नको म्हणायला कारण काय देणार? व्हिसा विद्यापीठावर, पगार बाईंच्या शब्दावर. कॅम्पसच्या बसमध्ये वाटायचं, मधेच उतरावं आणि चालत सुटावं. पण कुठे?

तुम्ही म्हणाल, तरुणपणी माणूस खोटं बोलतं. खरंय. पण मला सांगायचंय ते हे नाहीच — ते पुढे आहे.

पदवीदान समारंभाला आई आली. बाईंनी आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. आई ठेवणीतली नारायणपेठ नेसली आणि आरशासमोर उभी राहून आभाराची वाक्यं पुटपुटायला लागली. इंग्रजीत. मी दारातून ऐकत होते. एकही चूक नव्हती.

"आई, तिथे इंग्रजी नको बोलूस."

"का गं?"

तेव्हा सांगता आलं असतं. रागावली असती, रडली असती — पण आई होती ती. नाही का?

"तुझं इंग्रजी इथे कुणाला कळत नाही," मी म्हटलं. "हसतात मागे. मला लाज वाटते."

तिनं पदर सारखा केला. "बरं," म्हणाली.

जेवताना ती नुसती हसत राहिली. निघताना बाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि लहान मुलाशी बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "यू — मस्ट — बी — प्राउड." आईनं माझ्याकडे पाहिलं. अर्थ विचारायला नव्हे — बोलू का, म्हणून. मी तेच वाक्य तिला मराठीत सांगितलं. तिनं मान हलवली. बाईंचे डोळे भरून आले.

कराडला परतल्यावर तिनं घरच्या शिकवण्या बंद केल्या. दमायला होतं, म्हणाली. मी ते मानून घेतलं.

आता मी अमेरिकेतच, प्लेनोला असते, कॉलेजात निबंधलेखन शिकवते. तो प्रबंध माझ्या नावावर आहे, त्यावर नोकरी आहे, घर आहे. मागच्या वर्षी आई इथे राहायला आली होती. माझ्या मुलीला मराठी कळतं, पण बोलते इंग्रजीच. गृहपाठाचा कागद घेऊन ती आजीकडे गेली. "आजी, कॅन यू चेक माय स्पेलिंग?"

आईनं चष्मा लावला, कागद वाचला. एका शब्दावर तिचं बोट थांबलं. चुकलेला होता तो — मला ओट्यापाशी उभ्यानंही दिसत होतं. मग बोट उचललं तिनं, आणि कागद परत दिला.

"मम्मीला विचार, बाळा. मला नीट येत नाही इंग्रजी."

मी पोळ्या लाटत होते. मी पुढची पोळी लाटली.