बाबांनी लावलेले टॅग

वेबसाइट कधी अपग्रेड करावी, हे मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतं. भिलाईत घरी बसून मी दोन शाळांच्या, एका दातांच्या डॉक्टरांच्या आणि एका फरशीवाल्याच्या साइट सांभाळते. माझं उत्तर तोंडपाठ आहे. सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती बंद व्हायच्या सहा महिने आधी करा, पहिल्यांदा कॉपीवर करून बघा, आणि शनिवारी कधीच करू नका. लोक मान डोलावतात. माझ्या स्वतःच्या एका साइटला मात्र मी दोन वर्षं हात लावला नव्हता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

ती साइट बाबांची होती. बाबा इथल्या स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. रिटायर झाल्यावर त्यांनी रक्तदात्यांची यादी करायला घेतली. भिलाई-दुर्गमधल्या ओळखीच्या माणसांची, मग ओळखीच्यांच्या ओळखीच्यांची नावं, रक्तगट, फोन. आधी हे सगळं डायरीत होतं. डायरीची पानं सुटायला लागली तेव्हा मी साइट करून दिली. ज्याला रक्त हवं त्याने गट टाकायचा आणि नावं बघायची. नाही जमलं तर सगळ्यात वर लिहिलेल्या नंबरवर, म्हणजे बाबांना, फोन करायचा.

बाबांची एकच अट होती, टॅग हवा. प्लांटमध्ये मशीन बंद करून माणूस आत उतरायच्या आधी स्विचला टॅग लावतात. कोणी लावला, कशासाठी लावला, ते त्यावर लिहितात. तो टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा, कारण दुसऱ्या कोणी काढून स्विच टाकला तर आतला माणूस जिवानिशी जातो. बाबांना यादीत हेच हवं होतं. कोणाला कावीळ झाली, कोणाची परीक्षा आली, कोणी वर्षभरासाठी बाहेरगावी गेलं, की बाबा त्या नावाला टॅग लावायचे आणि ते नाव यादीत दिसेनासं व्हायचं.

"बाबा, ही माणसं आहेत, मोटरी नाहीत," मी वैतागून म्हटलं होतं.

"म्हणूनच तं सांगून राह्यलो. मोटर जळली तं दुसरी येते," ते म्हणाले.

मग मी तो कोड लिहिला. ज्याच्या लॉगिनने टॅग लागला त्याच्याच लॉगिनने निघेल, असा. फार सुबक नव्हता, पण चालायचा.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा त्यांचे चाळीसेक टॅग यादीत तसेच लटकलेले राहिले. फोन आई उचलू लागली. तिला साइट उघडता येत नव्हती, पण निम्मी यादी तिला पाठ होती. आणि मी काहीच केलं नाही. साइट ज्या आवृत्तीवर चालत होती ती जुनी झाली होती, हे मला दिसत होतं. कॉपीवर अपग्रेड करून पाहिलं तर टॅगचा भागच कोलमडला. तो कोड काढून टाकल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं, आणि तो काढला की बाबांचे टॅगही जाणार होते. त्यांच्या हाताचं घरात तेवढंच चालू उरलं होतं. मी स्वतःला सांगायचे की आत्ता कामं फार आहेत, नवी आवृत्ती अजून मुरलेली नाही, चालत्या गाडीला खीळ कशाला घाला. क्लायंटने अशी कारणं दिली असती तर मी त्याला झापलं असतं.

शेवटी होस्टिंगवाल्यांची मेल आली. महिनाअखेरीला जुनी आवृत्ती बंद. तरीही मी आठवडा काढला.

त्या आठवड्यात एका सकाळी बाबांचा फोन वाजला. आईने उचलून स्पीकरवर टाकला. अहिवाऱ्याचा एक माणूस होता. बायको बाळंतपणासाठी दवाखान्यात, ओ निगेटिव्ह हवं होतं. "साइट पर तो कोई दिख ही नहीं रहा, माताजी," तो म्हणत होता. आवाज रडवेला झाला होता.

आई फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळली. "बोरसीचा तो पोरगा हाये ना ओ निगेटिव्ह. तो कावून नाही दिसून राह्यला?"

मी लॅपटॉप उघडला. नावावर बाबांचा टॅग होता. 'लग्न आहे. दोन महिने फोन नको.' दोन महिन्यांची दोन वर्षं झाली होती.

 आईने सरळ बोरसीच्या त्या पोराला फोन लावला. "आंटी, मैं तो कब से फ्री हूँ," तो म्हणाला, "मला वाटलं आता कोणाला जरूरतच नाही पडत." तो तासाभरात दवाखान्यात पोचला. बाई वाचली, मुलगीही बरी आहे, हे संध्याकाळी त्या माणसाने फोन करून सांगितलं. मला लाज वाटत होती. आईला एक नाव आठवलं म्हणून निभावलं. बाकीची चाळीस नावं माझ्या हळवेपणापायी झाकून पडली होती.

जेवताना मी आईला सगळं सांगितलं. अपग्रेड, टॅग, मेल, सगळं. म्हटलं, मी एका मिनिटात सगळे टॅग पुसू शकते, पण त्यातले काही खरेच आजारी असतील, आणि कोण ते फक्त बाबांना माहीत.

आई भात कालवत राहिली. मग म्हणाली, "एकडाव हे जेवणावरून उठून प्लांटात गेले होते. टॅग काढाचा राह्यला होता म्हणून. भाजी तशीच ताटात."

"आणि माणूस येऊच शकत नसला तर?"

"तं शिफ्ट इंचार्ज जाते. आपल्या डोळ्यानं पाह्यते का आत कोणी नाही. मंग काढते, अन् रजिस्टरात लिहून सही करते. तुले काय वाटते, टॅगवाला मेला तं मशीन जिंदगीभर बंद ठेवत असतीन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक कोरी वही घेऊन माझ्याशेजारी बसली. मी स्क्रीनवरून नाव वाचायचे, ती बाबांच्या फोनवरून नंबर लावायची. बरेच जण आधी दचकायचे, कारण त्यांच्या फोनवर बाबांचं नाव दिसायचं. "मी त्यायची मिसेस बोलते," ती सांगायची, "तुमचा टॅग काढून राह्यली. तब्येत बरी हाये ना?" पद्मनाभपूरच्या एका बाईंना आता शुगर होती, त्यांचं नाव तिने काढून टाकायला सांगितलं. दोघं वारले होते. एक जण कायमचा पुण्याला गेला होता. बाकीचे परत आले. प्रत्येक नावापुढे तिने कारण लिहून सही केली. पूर्ण सही, आडनावासकट. मला दर वेळी रडू येत होतं आणि ती म्हणत होती, पुढचं वाच.

शेवटी एकच टॅग राहिला. तो बाबांच्या स्वतःच्या नावावर होता. त्यांनीच लावलेला. 'वय झालं. रक्त बंद. फोन चालू.'

आईने चष्मा पुसला आणि ते स्वतः वाचलं. "हा नोको काढू," ती म्हणाली. "हा बरोबर हाये."

मंगळवारी अकरा वाजता मी अपग्रेड केलं. पाऊण तास लागला. नव्या साइटवर टॅगची सोय मी पुन्हा लिहिली आहे, इंचार्जला काढता येईल अशी, आणि इंचार्ज म्हणून आईचं लॉगिन केलं. बाबांचा तो एक टॅग त्यांच्याच शब्दांत टाइप करून ठेवला. मग आईला बोलावून दाखवलं. तिने सगळ्यात वरचा नंबर बोट ठेवून एकेक आकडा वाचला. तोच होता.

"हं," ती म्हणाली, आणि हातातल्या फोनकडे बघितलं. "यायच्या फोनची बॅटरी उतरली. चार्जर आण."