पट्ट्यातलं जादा भोक

पूल निम्मा ओलांडला आणि मामा थांबले. कठड्याला हात टेकून म्हणाले, "चल, परत जाऊ."

भाचीला नवल वाटलं नाही. निघतानाच त्यांनी बसला नको म्हटलं होतं, आणि मामा पायी जायचं म्हणाले की त्यांच्या मनात काहीतरी घोळतंय, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती त्यांच्याशेजारी उभी राहिली.

मामा बुकबाइंडर. सारी हयात खळ, दोरा आणि पुठ्ठा यांत गेली. शाळांची हजेरीपुस्तकं, कचेऱ्यांची दप्तरं, वाचनालयातली चिंध्या झालेली पुस्तकं, सगळी त्यांच्याकडे यायची आणि ताठ कण्याने परत जायची. पण घरच्या पोरांना त्यांच्याकडून हवी असायची ती सिनेमाची गोष्ट.

तरुणपणी मामा एका स्टुडिओत बांधलेल्या संहिता पोचवायला गेले होते. तिथे सगळं खोळंबलेलं. नायकाने भारीतलं सोनेरी घड्याळ मनगटावर बांधायचं, त्याला किल्ली द्यायची, आणि कॅमेरा ते अगदी जवळून टिपणार, असा बेत होता. पण नायक आदल्याच दिवशी घोड्यावरून पडला होता आणि त्याचं मनगट सुजून भोपळा झालं होतं. संहितांचा गठ्ठा टेबलावर ठेवणाऱ्या मामांच्या हाताकडे दिग्दर्शकाचं लक्ष गेलं. हा हात चालेल, म्हणाला. नायकाच्या कोटाची बाही मामांच्या हातावर चढली. घड्याळ भारी खरं, पण मामांचं मनगट काडीसारखं. शेवटच्या भोकात अडकवलं तरी तबकडी फिरून खाली जायची. मामांनी खिशातून कागदांना भोकं पाडायचा टोच्या काढला आणि कुणी हां हां म्हणेपर्यंत पट्ट्याला आणखी एक भोक पाडून मोकळे झाले. ज्या दुकानातून घड्याळ आणलं होतं तिथला माणूस रडायच्या बेतात आला. चित्रीकरण मात्र पार पडलं.

ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती आणि खरी कुणालाच वाटत नव्हती. लग्न नवं असताना मामांनी मामींना तो सिनेमा बघायला नेलं, तर नेमक्या त्या क्षणी मामी पिशवीत रुमाल शोधत होत्या. मान वर केली तोवर घड्याळ जाऊन नायकाचा चेहरा आला होता. पुढे तो सिनेमा कुठे लागलाच नाही. तेव्हापासून मामांच्या हातून कपबशी निसटली की मामी म्हणायच्या, "अहो जपून, सिनेमातला हात आहे तो." मामाही हसायचे. मामी मोठ्या वाचणाऱ्या. छापलेलं तेवढं खरं, बाकी सगळ्या वाऱ्यावरच्या गप्पा, असा त्यांचा बाणा. एकदाच मामा भाचीजवळ बोलून गेले होते, की जगाने मला थापाड्या म्हणावं, तुझ्या मामीने नको.

आता पेपरात आलं होतं, सिनेमांत दिसलेल्या घड्याळांचं प्रदर्शन भरलंय, आणि त्यात ते घड्याळही आहे. कात्रण भाचीनेच आणून दिलं होतं. आणि ते बघायला निघालेले मामा पुलावर थबकले होते.

"भोक नसलं तर?" ते म्हणाले. "इतकी वर्षं झाली बाई. कधी कधी मलाच वाटतं, मी हे सगळं मनाने रचलं की काय."

"नसलं तर मामी हसतील. आता काय रडतायत?" एवढं बोलून तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि पुढे पाऊल टाकलं. थोड्या वेळाने मागून मामांच्या चपलांचा आवाज आला.

प्रदर्शनाच्या दालनात काचेच्या पेट्या होत्या. एकेका पेटीत एकेक घड्याळ आणि मागे त्या त्या सिनेमातलं मोठं केलेलं चित्र. माणसं देवापुढे उभी असल्यासारखी दबक्या आवाजात बोलत होती. मामांच्या घड्याळाशी त्याचे मालक उभे होते, ते दातांचे डॉक्टर निघाले. भाचीने भीत भीत विचारलं, एवढं महागाचं घड्याळ हातात न घालता पेटीत ठेवून मिळतं तरी काय? डॉक्टरांना राग आला नाही. सोन्याची याहून भारी घड्याळं बाजारात हवी तेवढी मिळतात, ते म्हणाले. पण लहानपणी ज्या पडद्याकडे आ वासून बघत बसलो, त्यातलं काहीच कधी आपल्या हाती येत नाही. "हे एवढंच हाताला लागलं हो."

मग त्यांचा आवाज जरा पडला. घड्याळं जमवणारे त्यांचे दोस्तच त्यांना चिडवायचे, की हे सिनेमातलं नव्हेच, डॉक्टर फसले. पट्टाही धड नाही. तो तर डॉक्टर उद्या बदलणारच होते.

"जादा भोक आहे ना त्याला?" मामा एकदम म्हणाले. "शेवटच्याच्या पुढे. मधोमध नाही, जरा कडेला सरकलेलं. घाईत पाडलं होतं मी."

डॉक्टर पेटीवर वाकले. पट्टा आत दांडीला गुंडाळलेला होता, त्याचं टोक बाहेरून दिसायची सोय नव्हती. मामांनी सदऱ्याची बाही वर सारली. अंगठ्याच्या बुडाशी पुठ्ठा कापायच्या सुरीचा जुना वण होता, विळ्यासारखा वाकलेला. डॉक्टरांनी वणाकडे पाहिलं, मागच्या चित्रातल्या हाताकडे पाहिलं, पुन्हा वणाकडे पाहिलं.

"इतकी वर्षं मी हा बघतोय," ते हळूच म्हणाले. "मला वाटायचं, फिल्मला चरा पडलाय."

त्यांनी पेटी उघडली. घड्याळ त्यांनी स्वतः मामांच्या मनगटावर बांधलं, त्याच भोकात. पण मनगट आता आणखी वाळलं होतं. तबकडी गर्रकन खाली गेली.

"अजून एक भोक पाडावं लागणार," मामा म्हणाले आणि त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला. डॉक्टरांनी झटकन पट्ट्यावर हात ठेवला, आणि मग तिघंही हसत सुटले. पट्टा बदलायचा विचार तिथेच रद्द झाला. आता पट्ट्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही, डॉक्टर म्हणाले, हे भोक म्हणजेच घड्याळाची साक्ष. मामांनी किल्ली दिली आणि घड्याळ कानाशी नेलं. डॉक्टरांनी त्यांचा फोटो काढून भाचीच्या फोनवर पाठवला.

परतीच्या वाटेवर मामा असे झपझप चालले, की भाचीला मागून पळावं लागलं. पुलावर ते पुन्हा त्याच कठड्याशी थांबले. भाची म्हणाली, आता हा फोटोच मामींपुढे धरू या.

"फोटोला ती बधायची नाही. म्हणेल, हल्ली फोटोत वाघाच्या मांडीवरही बसता येतं." मामांनी मनगट चोळलं. "तू त्या मासिकात लिहितेस ना? हे लिही. झालं तसं लिही, तिखटमीठ नको. तिच्या रुमालाचंही लिही. छापून आलं की गुपचूप तिच्या उशाशी ठेव."

ती हो म्हणाली, तरी ते तिथून हलेनात.

"आणि अंक आला की आधी माझ्याकडे दे," मामा म्हणाले. "बांधून देतो. नेमकं तेच पान सुटायला नको."