ढाणकीपलीकडचं वीजघर

लोहाऱ्याहून सकाळी सहाला निघालो, तेव्हा पिकअपमध्ये ताडपत्रीखाली माझी दोन महिन्यांची मेहनत बांधलेली होती. एका छोट्या वीजघराचं जळालेलं जनित्र आम्ही दुरुस्त केलं होतं. खरं तर चाळीस वर्षं मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्या अब्बांचं हे काम. पण त्यांची नजर आता बारीक तारेवर ठरत नाही. ते खुर्चीवरून सांगायचे, हात माझे.

ढाणकीच्या पुढे एका गावात कालवा पंधरा फूट खाली उडी घेतो. त्या उडीवर गावानं वीजघर उभारलं होतं. जनित्र जळालं आणि दोन वर्षं कुलूप लागलं. सगळं भंगारात द्यायचं ठरत असताना पाणीवापर संस्थेच्या सचिव सुनंदाताई कांबळे अडून बसल्या आणि जनित्र आमच्या दुकानात घेऊन आल्या. चाललं नाही तर शब्द त्यांचा जाणार होता. आणि नाव आमचं.

जाणाऱ्यांसाठी: आर्णी, महागाव, उमरखेड असा रस्ता आहे. उमरखेडपर्यंत तीन तास धरा, पुढे ढाणकीपर्यंत रस्ता अरुंद आहे. एसटीनंही जाता येतं, उमरखेडला गाडी बदलावी लागते. आम्ही तिथंच बसस्टँडसमोर ज्वारीची भाकर आणि झणझणीत वांग्याची भाजी खाल्ली; दोघांचं दोनशेत भागलं. महागावपर्यंत कापूस दिसतो, पुढे हळद नि केळी. अब्बा मात्र सारखे मागे वळून ताडपत्री बघत होते.

कालव्यावर पंधरा-वीस माणसं जमली होती. माजी सरपंच देवरावभाऊ पुढे आले. "कायले एवढा खर्च केला, ताई? सोलर लावलं असतं."

"सोलर बी लावू," सुनंदाताई म्हणाल्या. "पण हे पाणी तं तसंही खाली पडूनच राह्यलं ना? पडता पडता वीज देते, अन् पुढं वावरात जाते. थेंबही कमी होत नाही. कालव्याच्या वरच्या अंगाच्या वावराईले पाणी चढवाचं तं पंपाले वीज पाह्यजे. ते आपल्या घरची काहून नोको?"

मग आवाज खाली आणून त्या मला म्हणाल्या, "माह्या मायचं गाव या कालव्याच्या धरणात गेलं. मोठं धरण बांधा असं मी कोणाले म्हनणार नाही. पण जे पाणी अडवून ठेवलं, त्याच्यातून जे भेटते ते तरी सोडाचं नाही."

दुपारपर्यंत जनित्र जागेवर बसलं. गेट उघडलं, चक्र फिरू लागलं, मीटरचा काटा हलला. आणि सगळी खोली थरथरायला लागली.

"बंद कर," अब्बा म्हणाले. "आवाज सही नहीं है."

 लोक हळूहळू पांगले. माझे कान तापले होते. वाइंडिंग चुकलं असेल तर ते माझंच होतं. अब्बांनी जनित्राच्या पायावर हात ठेवला. "तेरा काम ठीक है. पाया एका अंगानं खचला आहे. चक्राचा नि जनित्राचा, दोन्ही दांडे एका रेषेत नाहीत."

जनित्राच्या पायांखाली पातळ पत्रे सरकवत, मोजत, पुन्हा काढत आम्ही दिवस मावळेपर्यंत बसलो. सुनंदाताईंनी घरी नेऊन जेवू घातलं.

सकाळी गेट पुन्हा उघडलं. या वेळी फक्त एकसारखी घुमघुम ऐकू आली. काटा चढला आणि ठरला. पंप सुरू झाला. आम्ही सगळे पाइपच्या कडेकडेनं वर चालत गेलो, तर टेकाडावरच्या हरभऱ्यात पाणी पोचलेलं. ते वावर देवरावभाऊंचं होतं. त्यांनी वाकून पाण्याखाली ओंजळ धरली.

"मी भंगारात द्या म्हणून राह्यलो होतो," ते सुनंदाताईंना म्हणाले. "चुकलंच माह्यं." मग अब्बांकडे वळले. "चाचा, झकास बांधलं तुम्ही."

"मी नाही," अब्बा म्हणाले. "माह्या पोरीनं."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला दुसरीकडे बघावं लागलं.

कालव्याला पाणी असतं तेव्हाच हे वीजघर चालतं, म्हणून बघायला जायचं तर रब्बीच्या पाणीपाळीत जा. उन्हाळ्यात सोलर लागेलच. पण आपल्या जिल्ह्यात कालव्यांवर अशा किती उड्या असतील, पाणी नुसतं फेस करून पुढे जात असेल, हा विचार परतीच्या वाटेवर डोक्यातून गेला नाही.

लोहाऱ्याला आल्यावर दुकानात नेहमीच्या मोटारी रांगेत होत्या: पिठाच्या चक्कीची, कूलरची, विहिरीवरची. आजवर माझ्या हाताखालून गेलेलं प्रत्येक यंत्र वीज खाणारं होतं. वीज देणारं हे पहिलंच, आणि या घडीला ते चालू आहे.