बेरिलने किल्ली उचलली

बेरिल हेस्केथने किल्ली उचलली ती शेजारी चहा सांडला म्हणून. बस, एवढंच कारण. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात आता वेगळीच कथा चालते. म्हणे बाई उभी राहिली, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाली, "मी जिवंत असेपर्यंत ही लायब्ररी बंद पडू देणार नाही." साफ खोटं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. पस्तीस वर्षं या हॉबशॉ गावात घरोघर टपाल टाकलं, त्यामुळे माझी नजर शाबूत आहे. जे बघायचं नसतं ते तर मला सगळ्यांच्या आधी दिसतं.

बेरिल आमच्या लायब्ररीत एकतीस वर्षं नोकरीला होती. लग्न केलं नाही. नकाशे विकणारा एक माणूस सलग दोन उन्हाळे तिच्या टेबलाशी घुटमळायचा, पण तिसऱ्या उन्हाळ्यात त्याला बहुधा दुसरा रस्ता सापडला. गावाची सगळी गुपितं तिच्यापाशी. घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक कोण घरी नेतंय, हे तिला नवऱ्याच्या आधी कळायचं. आमच्या पाद्र्याच्या बायकोला गळे चिरण्याच्या कादंबऱ्या लागायच्या, तर बेरिल त्या बागकामाच्या पुस्तकाखाली ठेवून द्यायची. पण तोंडातून चकार शब्द बाहेर पडेल तर शपथ! माझ्यासारख्या माणसाला हे किती छळत असेल याची तुम्ही कल्पना करा.

मग पालिकेच्या अंदाजपत्रकाला कात्री लागली. आधी शनिवार गेला. मग मुलांचा कोपरा गेला. मग दुपारपर्यंत हीटर लावायचा नाही असा हुकूम आला, आणि बेरिल कोट घालून शिक्के मारायला लागली. शेवटी पत्र आलं की जिल्ह्यातल्या अकरा लायब्रऱ्या बंद, त्यात आमची चौथी. आम्ही मोर्चा काढला. सर्वांत पुढे भोंगा घेऊन क्लाइव्ह ऑर्मरॉड, आमच्या लायब्ररी बचाव मंडळाचा अध्यक्ष. या गृहस्थाचा गुडघा लक्षात ठेवा. मोर्चाच्या दिवशी तो गुडघा चार मैल चालतो. एरवी सोमवार ते शुक्रवार त्याला खुर्ची लागते.

पालिकेने मग थोडं नमतं घेतलं, म्हणजे आम्हाला तसं वाटलं. इमारत तुमच्या हवाली करतो म्हणाली. पगार मिळणार नाही, तुम्हीच आपखुशीने चालवा. आठवड्यातून चार दिवस उघडी पाहिजे आणि किल्ली एका माणसाच्या नावावर पाहिजे. त्या माणसाने किल्ली परत केली आणि दुसरं नाव आलं नाही, की इमारत विकायला काढणार. बेरिलला नोकरीवरून कमी केल्याचा कागद मिळाला आणि सोबत भिंतीवरचं एक घड्याळ.

सभा लायब्ररीतच भरली. पालिकेच्या साहेबाने ती वीतभर लांब लोखंडी किल्ली टेबलावर ठेवली आणि विचारलं, "कुणाचं नाव लिहू?"

आमच्याकडे अशा वेळी माणसं आपल्या बुटांकडे बघतात. त्या संध्याकाळी हॉबशॉत जेवढे बूट निरखले गेले तेवढे चांभारानेही निरखले नसतील. ऑर्मरॉड गुडघा चोळत होता. मी खिडकीबाहेर बघत होतो, आणि बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं. तेवढ्यात कुणाचा तरी कप कलंडला. चहाचा ओघळ टेबलावरून किल्लीकडे निघाला. आणि बेरिलचा हात पुढे आला. एकतीस वर्षं ज्या बाईने पुस्तकांपासून लोकांचा चहा लांब ठेवला, तिचा हात दुसरं काय करणार? तिने किल्ली उचलली, रुमालाने पुसली आणि ती टांगायला खुंटी शोधायला लागली.

ऑर्मरॉडने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. मीही वाजवली, जरा जास्तच जोरात.

"अहो, नाही, मी फक्त..." बेरिल म्हणाली.

"तीनच महिने, बेरिल!" ऑर्मरॉड ओरडला. "तोवर आपण कुणीतरी बघू!"

आता तुम्ही म्हणाल, तिथल्या तिथे नाही म्हणायचं. पण आमच्या गावात एकदा टाळ्या पडल्यावर नाही म्हणणं म्हणजे भर चर्चमध्ये शिव्या देणं. तिने किल्ली पर्समध्ये टाकली. साहेबाने नाव लिहिलं. तीन महिन्यांची सात वर्षं झाली. तीच खुर्ची, तोच शिक्का, थंडीत तोच कोट. नोकरी गेली आणि काम राहिलं.

तिची थोरली बहीण थेल्मा मोरकंबला समुद्रकाठी राहते. छोटं बैठं घर आहे आणि मागची खोली बेरिलसाठी राखलेली आहे. त्या खोलीच्या खिडकीतून ओहोटीची वाळू दिसते. बेरिल हे मला इतक्यांदा सांगायची, की ती वाळू मी न बघता तुम्हाला दाखवू शकेन. थेल्माचे डोळे अधू झालेत. तिला वाचून दाखवणारं माणूस हवं होतं, आणि बेरिलला जन्मभर वाचण्याखेरीज दुसरं काही नको होतं. दर रविवारी थेल्माचा फोन यायचा. या जानेवारीत ती म्हणाली, "ईस्टरपर्यंत थांबते गं. मग खोली भाड्याने देते. मला आता एकटीला नाही जमत."

बेरिल आधी ऑर्मरॉडकडे गेली. मी तिथेच होतो, योगायोगाने. म्हणजे मी तिच्या मागोमाग गेलो होतो.

"क्लाइव्ह, किल्ली तुझ्या नावावर घे. पुस्तकांचं सगळं मी लिहून ठेवते."

"अगं, आनंदाने घेतली असती! पण त्या उंच कपाटाच्या शिड्या, आणि हा गुडघा..."

"शिडी मी मोरकंबला घेऊन जाते."

"शिवाय अध्यक्षाने किल्ली ठेवणं बरं दिसत नाही, बेरिल. लोक म्हणतील सत्ता बळकावली."

मग ती माझ्याकडे वळली. "विल्फ, तू रोज येतोसच की."

"मी वाचायला येतो. म्हणजे बसायला येतो."

"मग टेबलाच्या या बाजूला बस. खुर्ची जास्त मऊ आहे."

"बेरिल, आयुष्यभर दुसऱ्यांची दारं वाजवली मी. आता स्वतःच्या दाराची किल्ली सापडत नाही मला. माझ्या भरवशावर एवढी लायब्ररी?"

ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला. मी मात्र पळ काढला होता.

असं तिने गावातल्या चौदा-पंधरा लोकांना विचारलं. नाही असं कुणीही म्हटलं नाही. आमच्याकडे नाही कुणी म्हणत नाही, "बघतो" म्हणतात. शेवटी तिने युक्ती काढली. म्हणाली, निरोप समारंभ झाला की माणसाला जावंच लागतं, आणि राहिलेल्यांना पुढचं बघावंच लागतं. ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी तीनला, लायब्ररीत निरोप. पाचच्या शेवटच्या बसने ती जाणार. रात्रीच्या जेवणाला मासे तळून ठेवते, असं थेल्माने कळवलं होतं.

गाव लोटलं. चाळीस माणसं तर असतीलच. वर्गणी इतकी झाली की निळी, चाकांची, चांगली मोठी बॅग घेता आली. आम्ही तिला अडवतोय असं कुणी म्हणायला नको म्हणून मुद्दाम मोठी घेतली. कार्डावर सगळ्यांनी सह्या केल्या. ऑर्मरॉडची सही सर्वांत मोठी. मधल्या टेबलावर आल्याचा केक, आणि केकशेजारी एका बशीत ती किल्ली. बेरिलने ती तिथे मुद्दाम ठेवली होती, येता-जाता कुणाचा तरी हात लागेल म्हणून.

पण सात वर्षांत गाव शहाणं झालं होतं. माणसं केक उचलायची तीही अशी, की जणू बशीत साप बसलाय. त्या बाजूचे तुकडे तसेच राहिले. पाद्र्याच्या बायकोने तर लांबून, चमच्याने ओढून घेतला. एका म्हाताऱ्याचा चहा सांडला तेव्हा चार माणसं चटकन मागे सरली. बेरिल हे सगळं बघत होती. ऑर्मरॉडने भाषण केलं. "बेरिल म्हणजेच ही लायब्ररी!" म्हणाला. टाळ्या पडल्या. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. जामीन नाकारलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा होता.

चारनंतर गर्दी पातळ व्हायला लागली. आता आमच्या त्या दाराबद्दल सांगायला हवं. ते जुनं ओकचं दार नुसतं ओढून बंद होत नाही. खांद्याने वर उचलून धरायचं, दोन्ही हातांनी किल्ली फिरवायची, तेव्हा कुठे दोन-तीन मिनिटांनी कुलूप लागतं. म्हणजे जो शेवटी बाहेर पडेल त्याच्या हातात किल्ली. हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे त्या दिवशी शेवटचं कुणालाच राहायचं नव्हतं. कुणाच्या घरी ओव्हनमध्ये मटण राहिलं होतं, कुणाचं कुत्रं बाहेर ओरडत होतं. ऑर्मरॉड तर इतका भरभर गेला की गुडघाही चकित झाला असेल.

पावणेपाचला आत दोघंच उरलो. ती आणि मी. मी कप विसळत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच कप विसळण्यात इतका रमलो होतो.

"झाले की रे कप," बेरिल म्हणाली. कोट घातलेला, बॅग हातात.

"एक राहिलाय."

"तो तू तिसऱ्यांदा धुतोस."

मी कप ठेवला. दोघांच्या मध्ये टेबल, टेबलावर बशी.

"विल्फ," ती म्हणाली, "तू ही किल्ली सोमवारी कुणालाही दे. ऑर्मरॉडच्या दारात टाक. वाटलं तर नदीत टाक. मला फक्त या दारातून आधी बाहेर पडू दे."

मी विचार केला. माझी बायको एड्ना गेल्यापासून घर फार शांत असतं. ही गेली तर मी सकाळी दहाला जायचं कुठे, हाही विचार त्यात होता, खोटं कशाला बोलू. आणि किल्ली माझ्या नावावर आली तर मरेपर्यंत त्या टेबलामागे बसायचं, हाही होता. दोन्ही विचार एकाच वेळी आले आणि दोघांनी मला एकाच दिशेला ढकललं.

"बस येतेय का बघून येतो," मी म्हणालो.

आणि बाहेर पडलो.

बस येतच होती. पावसाची भुरभुर होती. मी थांब्याच्या छपराखाली, खिशात हात घालून उभा राहिलो. मागे दार वाऱ्याने उघडझाप करत होतं. पायरीवर बेरिल आली. तिने बसकडे बघितलं, आत पुस्तकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. ड्रायव्हर ओळखीचा, तो क्षणभर थांबला. "येताय ना, मिस हेस्केथ?" त्याने हाक दिली. तिने बॅग पायरीवर ठेवली. आत गेली. बाहेर आली तेव्हा किल्ली हातात होती. दाराला खांदा लावला. पहिल्यांदा किल्ली फिरली नाही. दुसऱ्यांदाही नाही. एकाने दार उचलून धरलं असतं तर अर्ध्या मिनिटात झालं असतं. माझे दोन्ही खांदे ठणठणीत आहेत.

बस गेली.

बस दुसऱ्या दिवशीही असते, हे मला कळतं. पण किल्ली परत पर्समध्ये गेली होती. मंगळवारी दहाला लायब्ररी उघडी. बेरिल कोट घालून टेबलामागे. गावात बातमी पसरली की तिचा पाय निघाला नाही, पुस्तकांवर जीव आहे तिचा. लोकांचे डोळे भरून आले. बॅगेचे पैसे मात्र कुणी परत मागितले नाहीत, एवढी सभ्यता आहे आमच्यात.

थेल्माने खोली एका निवृत्त दंतवैद्याला दिली. तो वाचून दाखवतो, पण फक्त घोड्यांच्या शर्यतीचं पान. बेरिलने हे सांगितलं तेव्हा मी हसलो. ती नाही हसली.

निळी बॅग आता दाराशी उघडी ठेवलेली असते. परत आलेली पुस्तकं लोक तिच्यात टाकतात. सोयीची आहे, खोल आहे.

त्या दुपारबद्दल बेरिल मला एका अक्षराने बोललेली नाही. माझी पुस्तकं काढून ठेवते, शिक्का मारते, तीन आठवड्यांनी परत आण म्हणते. फक्त बंद करायच्या वेळी दिवे मालवते, दार धरून उभी राहते आणि माझ्याकडे न बघता म्हणते, "तू हो पुढे, विल्फ."

मी एकदा म्हणालो, "थांब, दार मी उचलून धरतो."

"नको," ती म्हणाली. "तू बस येतेय का बघ."