शांत पोऱ्या

न रडणाऱ्या बाळाचं आमच्याकडे फार कौतुक. चाळीसेक वर्षं झाली. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, धुळ्याजवळच्या आमच्या गावी आली होती. मुलगा झाला. सुईणीने नाळ कापली आणि वर तेलात कालवलेली गोवरीची राख दाबली. माझ्या पोरांनाही तीच लावली होती.

पाचवीला तिची सासू मेहरूणहून आली. बाळ बाजेवर डोळे मिटून पडलेलं, खाली शेगडी. विहीणबाईंनी कानशिलावर बोटं मोडली.

"काय शांत पोऱ्या शे माय! रडस बी नही. बठ्ठा बापवर गया शे."

"मांडवमा तर भलता बोंबलना व्हता तुमना आंडोर," मी जावयावरून म्हटलं. बाया हसल्या.

मुलगी हसली नाही. "माय, हाऊ तोंड लावस पन ओढस नही."

मी पाय चाचपले. खाली निखारे असून गार. म्हटलं, धुळ्याला नेऊ.

"पाचवी पुजाना आगोदर पोऱ्याले भायेर काढतस का?" विहीणबाई म्हणाल्या.

बाळ माझ्या घरात होतं, पण ते त्यांचं होतं. पाटा मांडला. सटवाई नशीब लिहिते म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवली. सकाळी बाळ राखेच्या रंगाचं झालं होतं. तेव्हा पहिली एसटी धरली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी बेंबी पाहिली. "इथून जंतू शिरलेत. रक्तात पसरलेत. इतका वेळ काय करत होता?"

"ताप नव्हता, साहेब."

"एवढ्या लहानाला ताप येईलच असं नाही, बाई. ते गार पडतं, दूध सोडतं."

हाताची शीर सापडेना. नर्सने डोक्यात सुई लावायला ब्लेड घेतलं आणि अर्धं डोकं भादरलं. विहीणबाई ओरडल्या, "जावळ मामाना मांडीवर काढतस!"

"मग मामा येईपर्यंत थांबू?" नर्स म्हणाली.

आम्ही व्हरांड्यात बसून राहिलो. करण्यासारखं काही नव्हतंच. मुलगी दूध वाटीत पिळायची आणि मोरीत ओतायची. शेजारच्या खाटेवरची बाई एके दुपारी रिकामी गोधडी घेऊन निघून गेली. आमचं बाळ वाचलं. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला सूज आली होती. पुढे काय होईल आत्ताच सांगता येत नाही." ते कुणाच्या डोक्यात शिरलंच नाही. तो दूध ओढत होता ना, बस.

पुढच्या वर्षी राहिलेलं जावळ काढलं. वाजंत्री लावली होती. डफवाला अगदी पाठीशी येऊन बडवत होता. पोरगा मामाच्या मांडीवर बसून त्याच्या सदऱ्याची गुंडी ओढत होता.

"काय शांत पोऱ्या शे!" कुणीतरी म्हणालं.

मुलीने ओवाळणीची थाळी उचलली. आतले कुंकू-तांदूळ जमिनीवर सांडले. त्याच्या डोक्यामागे तिने ती उलथण्याने वाजवली. परत वाजवली. तो गुंडीच ओढत राहिला. ती वाजवतच होती. शेवटी विहीणबाईंनी तिचा हात धरला.

वाजंत्रीवाल्यांना कुणीतरी थांबायला सांगितलं. पोराला काय, वाजंत्री वाजली काय आणि थांबली काय.