खांडीवरचा ताठ पाय

१९९४ साली मी सिक लीव्हवर धरमतर खाडीकाठच्या माझ्या गावी आलो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मांडीपासून पोटरीपर्यंत ब्रेस: दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, गुडघा वाकू नये म्हणून सांध्यावर लॉक. मिलिटरी हॉस्पिटलच्या मेजरसाहेबांची ऑर्डर एका ओळीची होती. "लॉक उघडायचं नाही." पेणहून निघालेल्या एस.टी.त पाय वाटेत आडवा. कंडक्टर म्हणाला, "फौजी, जकात नाका लावलाय काय?"

ज्या गोळीबारात माझा गुडघा गेला, त्यात नाईक दामू गेला. माझ्याच सेक्शनचा, माझ्याच गावचा.

अमावास्येच्या भरतीने भर दुपारी खाडीचा बांध फुटून खांड पडली. खारं पाणी भातशेतीत शिरलं. पुढच्या भरतीआधी ती बुजवायची होती. आमच्याकडे खांड पडली की घरटी एक माणूस जातो, आणि शेवटी तात्या पाटील एकेका घराचं नाव पुकारतात. आमच्या घरातून भाऊ गेला; धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट करून आलेला, तसाच धावला. समोरच्या घरातून दामूचे वडील हिराबाबा निघाले. दम्याने वाकलेले, खांद्यावर फावडं.

"बाबा, तुम्ही नको. तात्या काय बोलणार नाय."

"बोलणार नाय, पण माझं नाव गाळून पुढं जाईल. घर बंद पडलं काय माझं?"

मी फावडं काढून घेतलं. "दामूच्या जागी मी."

आई ओरडली, "अरं, पाय!"

"पाय लॉक हाय, आये. मी नाय!"

बांधावर चिखलाची घमेली हातोहात चालली होती. भावाने फळी टाकली, मी तिच्यावर उभा राहिलो.

"हा खुंटा कुणी रोवला रं?" कुणीतरी ओरडलं.

"सरकारी खुंटा हाय, हलायचा नाय!" मी म्हणालो.

तेवढ्यात फळी घसरली. ताठ पाय मांडीपर्यंत चिखलात. ब्रेसने गुडघा धरला, मी घमेलं.

"लॉक उघड, पाय निघंल!" भाऊ म्हणाला.

"ऑर्डर नाय. घमेलं पुढं घे."

दोघांनी काखेत धरून मला सरळ वर उपसलं. पुन्हा फळीवर.

दिवेलागणीला खांड बुजली. तात्या घरं पुकारू लागले. हिराबाबांच्या घराची पाळी आली.

"हिराजी... दामू."

परेडवर ओरडतात तसा मी ओरडलो, "हाजिर!"

हिराबाबा बांधावर येऊन उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

पुढे ब्रेस सुटला, मी पलटणीत परतलो. पण मी गावात असलो आणि खांड पडली, की दामूच्या नावाला ओ मीच देतो.